रिक्षा मोडमध्ये मालशेज

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून मी माणसं भेटली की त्यांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी रेंज सांगायला लागलो होतो. साखरपुड्यात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. “एका चार्जमध्ये दोनशे साठ किलोमीटर. इकोमध्ये,” असं म्हणून मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे आशेने बघायचो. समोरचा “अरे वा” म्हणायचा आणि पानाकडे वळायचा.

तो आकडा आला कुठून ते आधी सांगतो, कारण पुढे जे काही झालं ते त्याच्यामुळेच झालं. मी राहतो कामतघरला, कामाला जातो पूर्ण्याला. तिथल्या एका गोदामात मी डिस्पॅच बघतो, म्हणजे कुठला ट्रक कुठे किती वाजता पोचेल हे सांगायचा मला पगार मिळतो. (तो ट्रक त्या वेळेला पोचत नाही, हा भाग वेगळा.) घर ते ऑफिस या रस्त्यावर अंजूरफाट्याचा ट्रॅफिक आहे, खड्डे आहेत, आणि पुढे कंटेनर वळत असेल तर बसून राहणं आहे. माझ्या गाडीने सहा महिन्यांत तिशीच्या वरचा वेग क्वचितच पाहिला होता. आता गंमत अशी, की पेट्रोलची गाडी ट्रॅफिकमध्ये उभ्याउभ्या पेट्रोल पिते, पण इलेक्ट्रिक उभी असली की जवळपास काहीच खात नाही. रांगत चालली तर हवेचा विरोधही लागत नाही. त्यात मी धुळीपायी काचा बंद आणि काटकसरीपायी एसी बंद असा घामाघूम जायचो. गाडी बिचारी मागचं वागणं बघून पुढचा अंदाज बांधते. तिला वाटलं हा माणूस आयुष्यभर असाच चालवणार, आणि तिने दोनशे साठ लिहिलं. मी ते खरं मानलं.

आमच्या गोदामाला टेम्पो पुरवणारे दामूशेठ खारबावचे. त्यांच्या दारात एक भलीमोठी डिझेल गाडी असते, तिच्या आवाजाने चहाचे कप हलतात. ते एकदा माझी गाडी सगळ्या बाजूंनी बघून म्हणाले, “हुशार हाय रं तुजी गाडी. पन भिवंडीच्या भायेर गेलेली न्हाय. तिला घाट दाव, मंग बोल.”

हे मला लागलं. तरी घाटाचा विषय निघाला तो दामूशेठमुळे नाही, आत्यामुळे.

माझ्या दोन आत्या. थोरली कुसुमआत्या आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त आहे, आणि भिवंडीत तिला ओळखत नाही असा रिक्षावाला नाही. धाकटी शालूआत्या मालशेज घाटापलीकडे ओतूरला. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात, आणि त्यात वांग्याच्या भाजीपासून राजकारणापर्यंत काहीही सुटत नाही. पण समोरासमोर भेटून वर्षं झाली होती, कारण कुसुमआत्याला गाडी लागते. साधीसुधी नाही. एसटी लागते, कार लागते, पाहुण्यांची नवी कोरी गाडी तर वासानेच लागते. फक्त रिक्षा लागत नाही. शालूआत्याचे यजमान गेले तेव्हा ती हट्टाने निघाली होती. मुरबाडपर्यंत गेली, स्टँडवर उतरली, तिथल्या बाकावर आडवी झाली आणि तिथूनच रिक्षा ठरवून कल्याणला परत आली. बहिणीच्या दारात त्या दिवशी तिला उभं राहता आलं नाही. त्यानंतर घरात मुरबाड हा शब्द कोणी काढत नसे.

गेल्या नोव्हेंबरात शालूआत्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर घेऊन ती चालायला लागली, पण एकटीने राहणं संपलं. मुलगी तिला कायमची आपल्याकडे नेणार होती, गगनबावड्याला. ज्या बाईला मुरबाड ओलांडता येत नाही तिच्यासाठी गगनबावडा म्हणजे जवळजवळ परदेशच. तेव्हा भेट व्हायची तर शालूआत्या ओतूर सोडायच्या आत व्हायला हवी होती, नाहीतर आयुष्यभर फोनच.

इथे मी पुढे झालो. “आत्या, माझ्या गाडीतून चल. धूर नाही, वास नाही, गिअरचे झटके नाहीत. सकाळी जाऊ, संध्याकाळी परत.”

“आणि ब्रेकचे झटके?” आत्याने विचारलं.

“ब्रेक मी लावतच नाही. पाय उचलला की गाडी आपोआप थांबते,” मी अभिमानाने सांगितलं. आत्याने मृणालकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बघितलं. मृणालने छताकडे बघितलं.

शुक्रवारी निघायचं ठरवलं. भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे तागे वाहणारे टेम्पो कमी आणि रस्ता त्यातल्या त्यात मोकळा. तुम्ही या बाजूने मालशेजला जाणार असाल तर हा वार लक्षात ठेवा. आदल्या रात्री गाडी पार्किंगमधल्या सॉकेटला लावून मी झोपलो, आणि त्या रात्री लाइट गेली. सकाळी बघतो तर बॅटरी अठ्ठ्याऐंशी टक्के. मी मनात हिशेब केला: ओतूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दोनशे साठच्या अठ्ठ्याऐंशी टक्के म्हणजे जाऊन यायला वीसेक किलोमीटर कमी. पुढे मुरबाडला चार्जर आहे असं अ‍ॅप सांगत होतं. ट्रक पाठवतानाही मी असाच हिशेब करतो.

आत्या आली ती पूर्ण तयारीनिशी. हातात लिंबू, पर्समध्ये आलेपाक आणि ओवा, पिशवीत पिशव्या. मागच्या सीटवर बसून तिने डोळे मिटून घेतले, ऑपरेशनला जाणारी माणसं घेतात तसे. मी इको मोड लावला. इकोमध्ये पॅडल जड झाल्यासारखं वाटतं, गाडी आळसावते आणि एसीही हात आखडता घेतो. शिवाय मी रीजन तीनवर ठेवलं, म्हणजे सगळ्यात कडक. रीजन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅडलवरून पाय काढला की मोटर उलटं काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते, आणि त्या नादात गाडी मागून कोणी धरल्यासारखी थबकते. कडक रीजन म्हणजे जास्त वीज परत, असं माझं गणित. दर वेळी पाय उचलताना मला फुकटची कमाई केल्याचा आनंद व्हायचा. मागे बसलेल्याला दर वेळी कोणीतरी मानगूट धरून पुढे ढकलल्यासारखं व्हायचं, हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी मागे बसलोच नव्हतो.

राजनोली नाक्याला अडकलो. शेजारच्या टेम्पोवाल्याने खाली वाकून विचारलं, “भाई, बंद पड गई क्या? आवाज ही नहीं आ रही.”

“नहीं, बिजली की है.”

“तो फिर पंखा तो चलाओ, दादी को पसीना आ रहा है.”

मी एसी एक घर वाढवला. रेंजच्या आकड्यातले काही किलोमीटर लगेच गळाले आणि मला त्या टेम्पोवाल्याचा राग आला.

कल्याण, शहाड ओलांडून मुरबाडचा रस्ता लागला. आणि तो मोकळा होता. सहा महिने तिशीत रांगलेल्या माणसासमोर मोकळा रस्ता आला की काय होतं ते सांगायला मला लाज वाटते. बोट आपोआप स्पोर्टच्या बटणावर गेलं. पॅडलला नुसता स्पर्श केला तरी गाडी उसळायला लागली. समोर ट्रक आला की ओव्हरटेक, मग पाय उचल, रीजनचा गचका, परत ओव्हरटेक. मृणाल म्हणाली, “अव्या, हळू.” मी म्हणालो, “अगं, वीज परत मिळतेय.” खरं म्हणजे मोड स्वतः वीज खात नाही. एकाच वेगाने सरळ चाललात तर इको काय आणि स्पोर्ट काय, खर्चात नावापुरता फरक. वीज खातो तो वेग, आणि स्पोर्ट माणसाच्या अंगात वेग आणतो. हे मी आज शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा आकडा असा घसरत होता, की गाडी एक किलोमीटर पुढे जायची आणि रेंज तीन किलोमीटर मागे.

मुरबाडच्या अलीकडे मागून बारीक आवाज आला. “थांब.”

पुढचं वर्णन करत नाही. आत्याच्या पिशव्या कामी आल्या. स्टँडपाशी गाडी लावली तेव्हा बॅटरी सहासष्ट टक्के होती आणि आत्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. ती उतरली, तोंड धुतलं, पदराने पुसलं, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता रिक्षा स्टँडकडे चालायला लागली. त्याच स्टँडकडे.

अ‍ॅपवरचा तो चार्जर सुरू होता, पण त्याला दोन टॅक्सी लागलेल्या आणि तिसरी वाट बघत उभी. तिकडे बघून मी परत आलो तोवर आत्या एका रिक्षावाल्याशी बोलत होती. मला वाटलं कल्याणचं ठरवतेय. जवळ गेलो तर ती विचारत होती, “ओतूरला येशील का?”

रिक्षावाला हसला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. “आजी, नेला असता. पन घाट चढून वर गॅस भरायला जवल काय न्हाय. चढीन, पन परत यायचे वांदे होतील.”

म्हणजे रेंजची चिंता त्यालाही होती. मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. आत्या बाकावर बसली. हाच तो बाक होता का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. मृणालने तिला सोडा आणून दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू गाडी चालवत नाहीयेस. तू आकडा चालवतोयस. आम्ही नुसते त्याच्याबरोबर फरफटतोय.”

“आत्या, रिक्षाच का लागत नाही तुला?” मी विचारलं. “भिवंडीतली रिक्षा काय कमी आदळते?”

आत्याने सोड्याचा घोट घेतला. “आदळते ना. पण आधी दिसतं रे. खड्डा त्याला दिसतो, मला दिसतो. तो दांडा धरतो, मी गज धरते, आणि दोघं मिळून आदळतो. वारा लागतो तोंडाला. तुझ्या गाडीत मी काचेच्या बरणीत बसलेय, आणि तू पाय कधी उचलशील ते फक्त तुला ठाऊक.” मग ती म्हणाली, “मला पुढे बसव. काच खाली कर. आणि रिक्षासारखी चालव. एवढं करून नाही जमलं तर मला परत सोड, मी परत कधी नाव काढणार नाही.”

बाहेरगावी जाताना मी सहसा वडापाववर चर्चा करतो. मुरबाडला आम्ही वडापाव खाल्ले, पण चव आठवत नाही.

मग आम्ही रिक्षा मोडमध्ये निघालो. हे बटण कुठल्याही कंपनीच्या गाडीत नाही, म्हणून कसं चालवायचं ते सांगतो. मोड नॉर्मल. रीजन शून्यावर, म्हणजे पाय उचलला की गाडी न थबकता तरंगत जाते. एसी बंद, पुढच्या दोन्ही काचा खाली. वेग पन्नासच्या आत. आणि जे काही करायचं ते आधी तोंडाने सांगायचं. “पुढे गतिरोधक.” “डावीकडे वळण, लांब आहे.” “म्हैस.” मला वाटलं हे दहा मिनिटांत कंटाळवाणं होईल. पण सांगायचं म्हणजे आधी बघावं लागतं, आणि आधी बघितलं की पाय वेळेत उठतो, गाडी आपल्या जोरावर गतिरोधकापर्यंत जाते आणि ब्रेकची वेळच येत नाही. मागून एक मोटारसायकलवाला आला, आमच्याशेजारी रेंगाळला आणि आत डोकावून त्याने मला विचारलं, “काका, शिकताय काय?” मी हो म्हणालो.

टोकावड्याला चहाला थांबलो. आत्या अर्धा कप प्यायली. पोटात काहीतरी टिकतंय हे बघून मृणालने मला मागून खांद्यावर टोचलं. मी स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं होतं रीजन बंद केल्याने रेंजचं वाटोळं होईल. उलट टक्का जागचा हलायला तयार नव्हता. रीजनने परत मिळते ती खर्च केलेल्या विजेतली थोडीच, बाकीची वाटेत वाया जाते. मुळात कमी खर्च केली तर परत मागायची गरजच पडत नाही. ज्या कमाईवर मी खूश होतो ती माझ्याच खिशातून निघून थोडी कमी होऊन परत येत होती. हे मला कळायला आत्याला उलटी व्हावी लागली.

घाट. जानेवारीतला मालशेज पावसाळ्यातल्या फोटोंसारखा नसतो, हे जाणाऱ्यांनी आधीच मनात धरावं. गवत वाळून सोनेरी झालेलं, कडे उघडे, धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ. पण गर्दी नसते आणि दरी तळापर्यंत दिसते. चढावर बॅटरी मात्र डोळ्यांदेखत उतरते. तिथे कुठलाही मोड मदत करत नाही, कारण दीड टन वजन वर न्यायचं म्हणजे न्यायचं. पन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस. माझी नजर सारखी तिकडे जात होती. आत्या म्हणाली, “तिकडे नको बघूस. वळण सांग.”

“उजवीकडे. घट्ट आहे.”

“हं,” म्हणून तिने दाराचा दांडा धरला आणि आम्ही दोघं मिळून वळलो. लिंबू तिच्या मांडीवर तसंच होतं. एक ओला बोगदा गेला, एक कठड्यावरची माकडांची टोळी गेली, आणि वर आल्यावर थंड वारा एकदम आत शिरला. तिने डोक्यावरून पदर घेतला. मी व्ह्यू पॉइंटला थांबू का विचारलं तर म्हणाली, “येताना. आधी शालू.”

वरचा रस्ता सपाट. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी बरोबर चालत राहतं, मग कांद्याची शेतं, मग ऊस. ओतूरला पोचलो तेव्हा चोवीस टक्के उरले होते.

शालूआत्या दारातल्या कॉटवर बसली होती, वॉकर शेजारी. गाडीचा आवाज नसल्याने तिला आम्ही दारात उभे राहिल्यावरच कळलं. कुसुमआत्या उंबऱ्यात थांबली. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, रडतील. शालूआत्याने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तोंड किती सुकलंय तुझं. झाली का उलटी?”

“झाली.”

“कुठे?”

“मुरबाडला.”

“मग?”

“मग काय. आले,” कुसुमआत्या म्हणाली, आणि तिच्या शेजारी कॉटवर जाऊन बसली. रडलो ते आम्हीच, मी आणि मृणाल, आणि ते लपवायला गाडीतून सामान काढायला गेलो. सामान म्हणजे एक पिशवी होती.

जेवायला मासवडी होती. जुन्नर, ओतूर भागात गेलात आणि मासवडी न खाता आलात तर गेलाच नाहीत असं समजा. नाव मासवडी, पण त्यात मासे नसतात. बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून केलेली वडी, वर झणझणीत रस्सा, बरोबर बाजरीची भाकरी. शेजारच्या काकूंनी करून पाठवली होती. मी चार खाल्ल्या आणि मग संध्याकाळी परतायचंय हे आठवून चार्जरची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत नेली.

चार्जरवर लाल दिवा. काढून परत लावला, लाल. घराला अर्थिंग नाही, किंवा आहे ते नावाला. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर याबाबतीत हट्टी असतो, अर्थिंग नसेल तर तो वीज घेतच नाही. खेडेगावी नातेवाइकांकडे चार्ज करू असं म्हणणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं, कारण माझ्या हिशेबात ओतूरला चार्जिंग नव्हतंच. चोवीस टक्क्यांत घाट उतरून मुरबाडपर्यंत पोचेन असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन आत्याकडे बघत होतं.

मी अंगणात वायर गुंडाळत बसलेला बघून पलीकडचे गिरणीवाले काका कुंपणाशी आले. पांढऱ्या भुवया, त्या वयाने पांढऱ्या की पिठाने ते कळेना. “काय झालं, पावणं?”

मी सांगितलं.

“आर्थिंग व्हय? आमच्या गिरणीचं लई भारी हाय. मोटर जळायला नको म्हणून करून घेतलंय. तिथं लावा की. पर दळणं संपल्यावर, संध्याकाळी. मीटर बघू नि बिलाच्या भावानं द्या.”

म्हणजे रात्रभर गाडी गिरणीत आणि आम्ही इथे मुक्कामी. मी आत जाऊन दोघी आत्यांना ही बातमी चेहरा पाडून सांगितली. “एकदम वाईट झालं,” शालूआत्या म्हणाली, आणि तिने लगेच मृणालला माळ्यावरच्या गाद्या काढायला सांगितल्या.

संध्याकाळी मी बाहेर फिरायला निघालो तर काकांनी उसाकडे बोट दाखवलं, “तिकडं नको. वाघरू हाय.” म्हणजे बिबट्या. त्यामुळे मी घरात बसून दोघींचं बोलणं ऐकलं. वांग्याची भाजी, राजकारण, सगळं तेच, जे रोज फोनवर असतं. फक्त एकीचा हात दुसरीच्या हातात होता आणि कोणी फोन ठेवायची घाई करत नव्हतं.

सकाळी गाडी शंभर टक्के, वर गव्हाच्या पिठाचा पातळ थर. निघताना दोघी फार बोलल्या नाहीत. शालूआत्या वॉकर घेऊन दारापर्यंत आली आणि म्हणाली, “पोचलीस की फोन कर.” कुसुमआत्या हो म्हणाली, आणि धरणाचं पाणी दिसेपर्यंत डोळे पुसत राहिली. मीही वळणं सांगायचं थांबवलं होतं. तो रस्ता तसा सरळच आहे.

व्ह्यू पॉइंटला कबूल केल्याप्रमाणे थांबलो. मग घाट उतरायचा होता. उतारावर रिक्षा मोड चालत नाही. तिथे रीजन हवंच, नुसत्या ब्रेकवर घाट उतरणं बरं नाही, आणि वर चढवलेल्या वजनाची वीज परत मिळते ती इथेच. पण रीजन म्हणजे ते गचके. मी आत्याला सगळं समजावून सांगितलं आणि गिअरच्या नॉबशेजारचं बटण दाखवलं. “हे पुढे दाबलं की गाडी जास्त धरते, मागे केलं की सोडते. मी सांगेन तेव्हा तू दाबायचं. ब्रेक माझ्या पायाखाली आहेच.”

“मी?”

“तू.”

तिने लिंबू डॅशबोर्डवर ठेवलं. पहिल्या दोन वळणांना मी सांगितलं, तिने घाबरत दाबलं. तिसऱ्याला मी तोंड उघडायच्या आत तिने दाबलं होतं. “धर,” ती गाडीलाच म्हणायची. वळण संपलं की “सोड”. गाडी धरत होती, सोडत होती, तिचं शरीर आधीच तयार असायचं. वर्गात शेवटच्या बाकाकडे बघायची तशी ती पुढच्या वळणाकडे बघत होती. घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा बॅटरी वर होती त्यापेक्षा दोन टक्क्यांनी वाढली होती. मी ते तिला दाखवलं. “एवढी मी केली?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. थोडी श्रेयाची वाटणी पृथ्वीलाही द्यायला हवी होती, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही.

मुरबाडला तिने गाडी थांबवायला लावली. स्टँडवर गेली, कालचा रिक्षावाला शोधला, त्याला आलेपाकाची पुडी दिली आणि म्हणाली, “जाऊन आले.” त्याने नमस्कार केला. ती परत येऊन पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “चल. राजनोलीला ट्रॅफिक होईल.”

झाला. तासभर अडकलो. रेंजचा आकडा त्या ट्रॅफिकमध्ये परत फुगायला लागला, मला लोभ दाखवायला. मी स्क्रीनवर गाण्यांचं पान उघडून तो झाकला.

घरी पोचलो तेव्हा बॅटरी साठच्या वर होती. जाताना मुरबाडपर्यंत मी जेवढी उधळली, तेवढ्यात येताना त्याच्या दीडपट अंतर आलो होतो. सोमवारी दामूशेठना सांगितलं की घाट दाखवून आणला. ते म्हणाले, “ढकललास किती?” मी म्हणालो, एकदाही नाही. मग बोनेटच्या खाचेत अडकलेलं पीठ बघून त्यांनी विचारलं, “नि ह्ये काय?” हे समजावून सांगायला पूर्ण दोन चहा लागले.

आता कोणी रेंज विचारली तर मी विचारतो, गाडीत कोण बसणार आहे. लोक याला टाळाटाळ समजतात. तेराव्याला तर मी विषयच काढत नाही.

पण त्या दिवशी घरी पोचल्यावरची एक गोष्ट राहिली. पार्किंगमध्ये गाडी लावली, मृणाल पिशवी घेऊन वर गेली, मी दार उघडून उभा राहिलो तरी आत्या उतरेना. ती मांडीवरचा फोन बघत होती. शालूआत्याला पोचल्याचं सांगून झालं होतं. हात अजून त्या बटणावर होता.

“अव्या, इथून ओतूर किती टक्के?”

“तुझ्या पद्धतीने गेलो तर निम्म्याच्या थोडं वर.”

“आणि गगनबावडा?”

मी मनात हिशेब केला. या वेळी नीट केला, काचा खाली, पन्नासच्या आत, घाट धरून. “दोनशेच्या वर जाईल आत्या. वाटेत निदान दोनदा थांबून चार्ज करावी लागेल. एकेका रात्रीचा मुक्काम.”

आत्याने डॅशबोर्डवरचं लिंबू उचललं, माझ्या हातात दिलं आणि उतरत म्हणाली, “मग वाटेत पिठाच्या गिरण्या कुठे कुठे आहेत, ते बघून ठेव.”